अमेरिकेतील विषबाधा मदतवाहिनी: निकोटीनचा पाऊच तोंडात घातलेल्या बाळाच्या निमित्ताने केलेले परीक्षण

अमेरिकेत १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक कोणत्याही राज्यातून लावला, तरी तो एखाद्या प्रादेशिक विषबाधा केंद्राला जोडला जातो. तिथे फोन उचलणारी व्यक्ती नुसता निरोप टिपून घेणारी नसते, तर विषबाधेच्या उपचारांचे खास प्रशिक्षण घेतलेली परिचारिका, औषधतज्ज्ञ किंवा डॉक्टर असते. सेवा वर्षाचे सर्व दिवस चोवीस तास चालते आणि फोन करणाऱ्याला तिच्यासाठी काहीही मोजावे लागत नाही. न्यू जर्सी राज्यासाठी हे काम नेवार्क येथील रटगर्सच्या वैद्यकीय महाविद्यालयातले केंद्र पाहते. तिथेच राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीच्या सव्वा वर्षाच्या मुलीसाठी आम्हाला या सेवेची गरज पडली, आणि त्या वेळी मी त्याच घरात होते. निकोटीनच्या नव्या उत्पादनांमुळे लहान मुलाला बाधा झाली, तर घरच्यांना पहिल्या काही मिनिटांत जो शांत, नेमका आणि अधिकारवाणीचा सल्ला लागतो, तो या सेवेइतका चांगला मला आजवर कुठेही मिळालेला नाही. तिच्या काही मर्यादा आहेत, विशेषतः मराठी आजी-आजोबांच्या दृष्टीने, आणि त्यांच्याविषयीही मी सविस्तर लिहिणार आहे.

सेवेची किंमत कळण्यासाठी आधी धोका कसला आहे ते पाहावे लागते. तंबाखूची बाधा आपल्याला नवी नाही. पानात तंबाखू जास्त पडली, की चक्कर येते, घाम फुटतो, मळमळते. घरातले मोठे माणूस ‘तंबाखू लागली’ असे म्हणून पाणी देते, आडवे व्हायला सांगते, आणि थोड्या वेळाने सारे ठीक होते. हा अनुभव खोटा नाही, पण तो मोठ्या माणसाच्या शरीराचा आणि तंबाखूच्या पानाचा आहे. पानातले निकोटीन हळूहळू सुटते, चव कडू असते आणि पोटात गेलेला बराचसा भाग उलटीवाटे बाहेर पडतो. गेल्या काही वर्षांत बाजारात आलेल्या वस्तूंची गोष्ट वेगळी आहे. निकोटीनचा पाऊच म्हणजे ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायची लहानशी पुडी. तिच्यात तंबाखूचे पान नसतेच. त्यात वनस्पतिजन्य तंतूंवर बसवलेले निकोटीन, गोडवा आणि पुदिन्यासारखा स्वाद असतो, आणि बाहेरून तो चघळण्याच्या गोळीसारखा पांढराशुभ्र व स्वच्छ दिसतो. अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या झिन या ब्रँडच्या एका पाऊचमध्ये ३ किंवा ६ मिलिग्रॅम निकोटीन असते आणि एका डबीत १५ पाऊच येतात. लहान मुलाला उलट्या सुरू होण्यासाठी पोटात गेलेले १ ते २ मिलिग्रॅम निकोटीनही पुरते. एका डबीत किती उलट्यांची, आणि उलट्यांपेक्षा गंभीर अशा कशाकशाची तरतूद आहे, हे यावरून समजावे.

वेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, भरायच्या द्रवाची तीव्रता तर याहून कितीतरी जास्त असते. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये या द्रवात मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन घालता येत नाही. अमेरिकेत मात्र जूलसारख्या उत्पादनात ते मिलिलिटरला ५९ मिलिग्रॅमपर्यंत होते. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, एवढा २० मिलिग्रॅम तीव्रतेचा द्रव घेतला, तरी त्यात १०० मिलिग्रॅम निकोटीन भरते, आणि त्याला आंब्याचा किंवा स्ट्रॉबेरीचा वास येत असतो. २०१४ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यात एक तान्हे मूल असा द्रव प्यायल्याने दगावले. त्यानंतर २०१६ मध्ये, मुलांना सहजी उघडता येणार नाही अशाच बाटलीत हा द्रव विकण्याची सक्ती करणारा कायदा अमेरिकेत लागू झाला. पण तो कायदा द्रवापुरता आहे. पाऊचच्या डबीला तो लागू होत नाही. ‘पीडियाट्रिक्स’ या बालवैद्यकाच्या नियतकालिकात २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१० ते २०२३ या काळात सहा वर्षांखालील मुलांच्या पोटात निकोटीन गेल्याच्या १,३४,६६३ घटना अमेरिकेतील विषबाधा केंद्रांकडे नोंदवल्या गेल्या, आणि त्यातही पाऊचच्या घटनांचे प्रमाण २०२० ते २०२३ या अवघ्या तीन वर्षांत ७६३ टक्क्यांनी वाढले. हे आकडे आपल्याला ठाऊक आहेत तेच मुळी या फोनसेवेमुळे, कारण प्रत्येक फोनची नोंद होते आणि कोणत्या नव्या वस्तूने मुलांना बाधा होत आहे, हे त्या नोंदींतून वेळेवर दिसते.

आता आमच्या घरी काय घडले ते सांगते. घरी आलेल्या एका पाहुण्याच्या कोटातून ती गोल डबी सोफ्यावर घसरली होती. या डबीला दोन झाकणे असतात, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हते. खालच्या मोठ्या झाकणाखाली नवे पाऊच असतात आणि वरच्या पातळ झाकणाखाली वापरून झालेले पाऊच ठेवायची लहानशी खोबण असते. बाळाने उघडले होते ते वरचे झाकण. एक चोथा झालेला पाऊच गालिच्यावर पडला होता, एक तिच्या मुठीत होता आणि तिसरा तोंडात होता की नव्हता, हे कोणालाच सांगता येत नव्हते. काही मिनिटांतच तिच्या तोंडातून लाळ गळू लागली, चेहरा पांढरा पडला, कपाळाला घाम आला आणि तिला लागोपाठ उलट्या झाल्या.

बहिणीच्या यजमानांनी आधी जवळच्या एका छोट्या तातडीच्या दवाखान्यात फोन लावला. तिथे पहिला प्रश्न विम्याच्या कार्डाचा आला आणि नंतर ‘घेऊन या, रांगेत बघू’ असे उत्तर मिळाले. बाळाला काय झाले आहे, हे कोणी विचारले नाही. तेवढ्यात बहिणीने शीतकपाटावर चिकटवलेल्या चुंबकावरचा मदतवाहिनीचा क्रमांक लावला होता, आणि घरातली धावपळ तिथून पुढे एका दिशेने होऊ लागली.

पलीकडच्या बाईंनी विचारलेल्या प्रश्नांचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. बाळ जागे आहे का, श्वास नीट चालू आहे का, हाक मारली की पाहते का, हे त्यांनी सर्वांत आधी विचारले. याचे उत्तर नकारार्थी असते, तर त्यांनी तिथेच ९११ हा आणीबाणीचा क्रमांक लावायला सांगितले असते. त्यानंतर वय, वजन, घटना केव्हा घडली आणि आत्ता काय लक्षणे आहेत, ते विचारले. मग म्हणाल्या, ‘डबी हातात घ्या आणि तिच्यावर लिहिलेले सगळे मला वाचून दाखवा.’ बहिणीने ब्रँड आणि ६ हा आकडा वाचल्यावर त्यांनी लगेच विचारले, की वरचे झाकण उघडे आहे की खालचे, आणि खालच्या कप्प्यात किती पाऊच उरले आहेत. त्या डबीची रचना त्यांना आमच्यापेक्षा चांगली माहीत होती. वापरलेल्या पाऊचमध्येही बरेच निकोटीन शिल्लक असते, त्यामुळे तो निरुपद्रवी चोथा समजू नका, हेही त्यांनी याच वेळी सांगितले. घरात विष पोटात गेल्याची शंका असताना कोणीतरी एवढ्या नेमकेपणाने प्रश्न विचारत राहिले, की घाबरलेले माणूसही नेमकी उत्तरे देऊ लागते, हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले.

तोवर बहिणीच्या सासूबाई स्वयंपाकघरातून मिठाचे पाणी घेऊन आल्या होत्या. ‘अगं, हे पाजा तिला, सगळं उलटून पडेल,’ असे त्या काकुळतीने म्हणत होत्या. त्यांनी गावाकडे असेच पाहिले होते आणि त्यांच्या मायेविषयी शंका घेण्याचे काही कारणच नाही. पण फोनवरच्या बाईंनी ते ऐकून, बहिणीला थांबवून, स्पष्ट शब्दांत सांगितले की मीठ, राईचे पाणी किंवा घशात बोट घालून उलटी काढणे, यांपैकी काहीही करायचे नाही. मिठाच्या पाण्याने बाळाच्या रक्तातले सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. शिवाय निकोटीनमुळे अचानक आकडी येण्याचा संभव असतो, आणि त्या क्षणी पोटातले श्वासनलिकेत गेले, तर मूळ बाधेपेक्षा मोठे संकट उभे राहते. उलटी करवणारे इपिकॅकचे औषध पूर्वी अमेरिकेतली घरे बाळगून असत. २००३ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ते घरात ठेवूच नका असे सांगितले. करायचे होते ते एवढेच: तोंडात काही दिसत असेल तर ते अलगद काढणे, ओल्या मऊ फडक्याने हिरड्या आणि गालाची आतली बाजू पुसणे, हात साबणाने धुणे, आणि बाळ नीट गिळत असेल तर पाण्याचा एखादा घोट देणे. द्रव अंगावर सांडला असेल तर कपडे काढून त्वचा साबण-पाण्याने धुवावी लागते, कारण निकोटीन त्वचेतूनही शरीरात शिरते. डोळ्यात उडाला असेल तर कोमट पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटे सोडावी लागते. सासूबाईंना हे सारे बहिणीने मराठीत सांगितले, तेव्हा त्यांनी पेला खाली ठेवून स्वतःच फडके भिजवून आणले.

लक्षणे नसती, तर आम्हाला घरीच बाळावर लक्ष ठेवायला सांगितले गेले असते, आणि अशा बहुतेक फोनांचा शेवट तसाच होतो. इथे मात्र उलट्यांबरोबर लाळ आणि घाम असल्यामुळे त्यांनी रुग्णालयात जायला सांगितले. मोठ्या माणसाने मागे बाळाजवळ बसावे, गाडी दुसऱ्याने चालवावी, डबी बरोबर घ्यावी, आणि वाटेत बाळ लुळे पडले, श्वास अडखळला किंवा आकडी आली तर गाडी बाजूला घेऊन ९११ लावावा, अशा सूचना त्यांनी दिल्या. त्यानंतर त्यांनी स्वतः त्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात फोन करून सर्व माहिती कळवली. आम्ही पोहोचलो तेव्हा दारावरच्या परिचारिकेला उत्पादनाचे नाव, त्याची तीव्रता आणि बाळाचे वजन आधीच माहीत होते. ज्या सेवेसाठी कोणतेही देयक येत नाही, तिने एवढे करावे, याचे मला आजही फार अप्रूप वाटते.

निकोटीनवर उतारा नाही, ही गोष्ट आम्हाला रुग्णालयातल्या डॉक्टरांनी समजावून सांगितली, आणि ती प्रत्येक पालकाला माहीत असावी असे मला वाटते. एखादे इंजेक्शन दिले आणि विष उतरले, असे इथे होत नाही. निकोटीन मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातल्या निरोपांची देवाणघेवाण जिथे होते, त्या ठिकाणी जाऊन बसते. पहिल्या टप्प्यात ते सगळे काही उत्तेजित करते: उलट्या, लाळ, घाम, थरथर, वाढलेले ठोके, वाढलेला रक्तदाब, आणि मात्रा मोठी असेल तर आकडी. मात्रा फारच मोठी असेल, तर त्यानंतर दुसरा टप्पा येतो. त्यात तीच यंत्रणा थकून बंद पडू लागते. ठोके मंदावतात, रक्तदाब घसरतो, स्नायू ढिले पडतात आणि श्वासाचे स्नायूही साथ सोडतात. मृत्यू येतो तो बहुधा श्वास थांबल्यामुळे. म्हणून तातडीच्या उपचारांचा सगळा भर शरीराला सावरून धरण्यावर असतो. श्वासमार्ग मोकळा ठेवणे, प्राणवायू देणे, गरज पडली तर कृत्रिम श्वासयंत्र लावणे, आकडी आली तर मिडाझोलॅम किंवा लोराझेपॅमसारखे औषध देणे, ठोके फार मंदावले किंवा स्राव आवरेनासे झाले तर अ‍ॅट्रोपिन देणे, रक्तदाब उतरला तर शिरेतून द्रव आणि मग रक्तदाब चढवणारी औषधे देणे, असा हा क्रम असतो. शरीरातले निकोटीन साधारण दोन तासांत निम्मे होते, त्यामुळे तेवढा वेळ मुलाला सुखरूप पार नेता आले, की शरीर बाकीचे काम स्वतःच करते.

आमच्या बाळाच्या बाबतीत मॉनिटर, इसीजी, रक्तातली साखर आणि वारंवार केलेली तपासणी एवढ्यावर भागले. पोटात औषधी कोळशाची (अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल) पूड द्यायची का, याचा विचार झाला होता. पण ती विष गेल्यापासून साधारण तासाभरातच उपयोगी पडते, आणि उलट्या होत असलेल्या बाळाला ती देण्यातला धोका फायद्यापेक्षा मोठा असल्याने ती टाळली. लघवीतून निकोटीनचा अंश तपासता येतो; मात्र त्याचा अहवाल उशिरा येतो आणि त्यावरून उपचार बदलत नाहीत, म्हणून तीही तपासणी केली नाही. केंद्रातून रुग्णालयात फोन करून बाळाची विचारपूस झाली. संध्याकाळपर्यंत तिच्या गालांवर रंग परतला, तिने पेज खाल्ली आणि रात्री आम्ही तिला घरी आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रातून पुन्हा फोन आला, ती नीट खाते का, खेळते का, झोप कशी लागली, हे विचारायला.

ज्यांना फोनवर बोलणे नको असेल, त्यांच्यासाठी वॉशिंग्टनच्या केंद्राने तयार केलेले वेब पॉइझन कंट्रोल हे ऑनलाइन साधनही आहे. वय, वजन, वस्तू आणि प्रमाण भरले, की ते काय करायचे ते सांगते. ते प्रामाणिकपणे बनवलेले आहे, परंतु मुलाला लक्षणे दिसत असतील तर त्याच्या नादी लागू नये, असेच मी म्हणेन. उलटी करणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन रकाने भरता येत नाहीत, आणि ‘वरचे झाकण की खालचे’ हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट नोंदवून ठेवते. तिथली राष्ट्रीय विषमाहिती सेवा थेट नागरिकांसाठी नाही, ती डॉक्टरांना सल्ला देते. घरच्यांनी १११ लावायचा असतो आणि जीव धोक्यात असेल तर ९९९. ऑस्ट्रेलियात १३ ११ २६ हा क्रमांक थेट विषबाधा केंद्राचा आहे. भारतात दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषमाहिती केंद्र १८००-११६-११७ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास सल्ला देते, आणि महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. भारतातली अडचण वेगळ्या प्रकारची आहे. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि साठा या सगळ्यांवर बंदी आहे, म्हणून ज्या बाटल्या तरीही घरात येतात, त्यांच्यावरचा मजकूर भरवशाचा नसतो आणि घरची तरुण मंडळी त्या लपवून ठेवतात. मुलाला बाधा झाल्यावर ‘काहीतरी खाल्लं असेल’ असे मोघम सांगितले, तर डॉक्टर अन्नातून झालेल्या बाधेचा विचार करत बसतील आणि हाताशी असलेला मोलाचा वेळ निघून जाईल. ती बाटली लाजेखातर किंवा भीतीपोटी मागे ठेवू नका, ती रुग्णालयात घेऊन जा. सिगारेट सोडण्यासाठी औषधांच्या दुकानात मिळणारे २ मिलिग्रॅमचे निकोटीनचे च्युइंगमही लहान मुलाच्या दृष्टीने निरुपद्रवी नाही. त्यालाही कुलूपच हवे.

अमेरिकेतल्या सेवेची मला जाणवलेली खरी उणीव भाषेची आहे. दुभाष्याची सोय आहे आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, पण तो मिळवण्यासाठी आधी इंग्रजीत ‘मराठी’ हा शब्द सांगावा लागतो, आणि तिघांत चालणारे संभाषण साहजिकच संथ होते. दुपारभर नातवंडाजवळ एकटे असलेले आजी-आजोबा नेमके याच वेळी गडबडतात. केंद्रांकडून घरपोच मिळणारी चुंबके आणि माहितीपत्रके इंग्रजीत व स्पॅनिशमध्ये असतात. मराठीत मला एकही दिसले नाही. न्यू जर्सीत मराठी माणसांची वस्ती मोठी आहे, तिथली मराठी मंडळे दर वर्षी दिवाळी अंक आणि गणपतीच्या पत्रिका छापतात, त्यामुळे अशा एका पानाचा मजकूर केंद्राला भाषांतर करून देणे त्यांना मुळीच जड जाणार नाही. मी बहिणीच्या भागातल्या मंडळाला तसे लिहिले आहे. तोपर्यंत आम्ही घरीच एक कागद तयार करून फोनजवळ लावला आहे. त्यावर क्रमांक मोठ्या देवनागरी अंकांत आहे, त्याखाली ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज’ हे शब्द आहेत, घराचा पत्ता उच्चाराप्रमाणे लिहिला आहे, आणि बाळाचे वजन पौंडांत आणि किलोत पेन्सिलीने लिहिले आहे, म्हणजे डॉक्टरांकडच्या प्रत्येक फेरीनंतर सासूबाईंना ते खोडून नवे लिहिता येते.